पोथी पाठ असली म्हणजे देव जवळ येतो का?

ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, दोन्ही पुण्यात मुक्कामाला येतात आणि शहरातल्या बातम्या दोन गोष्टींवर येऊन थांबतात: कुठला रस्ता किती वाजेपर्यंत बंद, आणि गर्दी किती. तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरतात, ज्ञानोबा भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या दिवसांत घरोघरी कुणीतरी, बहुधा कॉलेजात जाणारं पोर, हमखास विचारतं, "एवढी माणसं चालतात, पण त्यातल्या किती जणांना ज्ञानेश्वरी कळली असेल?"

प्रश्न उद्धटपणाचा वाटला तरी उडवून लावण्यासारखा नाही. आता तर त्याला नवी धार आली आहे. गीतेच्या कुठल्याही श्लोकावर शंकराचार्य काय म्हणाले, रामानुजांनी त्याला काय उत्तर दिलं, हे मोबाइलवर मिनिटभरात मिळतं. एआयला सांगितलं तर तो तौलनिक तक्ताही करून देतो. एकेकाळी ज्यासाठी बारा वर्षं काशीला राहावं लागे, ते आता लक्ष्मी रोडवर सिग्नलला थांबल्या थांबल्या वाचता येतं. ज्ञानाने देव जवळ येत असेल, तर आपल्या पिढीइतकी देवाच्या जवळ असलेली पिढी झालीच नसणार. तसं काही दिसत नाही.

वारकरी संतांचं म्हणणं असं, की देवाच्या जवळ नेणारी गोष्ट प्रेम आहे. ऐकायला हे गोड आहे आणि कळायला अवघड, कारण ते सांगणाऱ्यांत पहिलं नाव ज्यांचं, त्या ज्ञानेश्वरांनी ते सांगण्यासाठी नऊ हजार ओव्या खर्ची घातल्या. मग ज्ञान नको म्हणायचं की हवं?

कुठलं ज्ञान, कुठलं प्रेम

गोंधळ होतो तो शब्दांपाशी, म्हणून तो आधी मिटवू. या चर्चेत 'ज्ञान' दोन अर्थांनी येतं. एक शास्त्राचं ज्ञान, म्हणजे ग्रंथ, व्याख्या, वादविवाद. दुसरं ब्रह्मज्ञान, म्हणजे 'मी आणि परमतत्त्व वेगळे नाही' हा प्रत्यक्ष अनुभव. पहिलं शिकवता येतं, त्याची परीक्षा घेता येते. दुसऱ्याचं तसं नाही. संत ज्याला चिमटे काढतात ते बहुतेक वेळा पहिलं ज्ञान असतं. दुसऱ्याबद्दल ते आदराने बोलतात, आणि तरीही त्याच्यापुढे काहीतरी मागतात. ते काय, हे पुढे येईल.

भक्तीची व्याख्या नारदाच्या भक्तिसूत्रांत अगदी थोडक्यात आहे: देवाच्या ठायी परमप्रेम. पूजा, उपवास, माळ हे सगळं त्या प्रेमाचं बाहेरचं रूप. प्रेम असेल तर ते शोभतं.

अर्जुनानेही हेच विचारलं होतं

गीतेच्या बाराव्या अध्यायाची सुरुवातच या प्रश्नाने होते. अर्जुन म्हणतो, काही जण तुझी प्रेमाने उपासना करतात, काही जण अव्यक्त, अक्षर म्हणजे अविनाशी तत्त्वाची करतात. यात योग अधिक चांगला जाणणारे कोण?

कृष्णाचं उत्तर मुत्सद्द्याचं आहे, पण गुळमुळीत नाही. अव्यक्ताचे उपासकही मलाच येऊन मिळतात, हे तो मान्य करतो. मात्र 'क्लेशोऽधिकतरस्तेषाम्', त्यांना कष्ट जास्त. देह असलेल्या माणसाला ती वाट दुःखाने मिळते. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो याहून स्पष्ट बोलून चुकलेला असतो: वेदांनी, तपाने, दानाने, यज्ञाने मी असा दिसत नाही, अनन्य भक्तीनेच दिसतो.

इथे कुणीही जाणकार वाचक लगेच चौथा अध्याय उघडेल. तिथे 'न हि ज्ञानेन सदृशं पवित्रमिह विद्यते' असं म्हटलं आहे, ज्ञानासारखं पवित्र काही नाही. सातव्यात तर चार प्रकारचे भक्त सांगून कृष्ण म्हणतो, संकटात सापडलेला, जिज्ञासू, काही हवं असलेला आणि ज्ञानी असे चौघेही चांगलेच, पण ज्ञानी हा माझा आत्माच. मग गीता दोन तोंडांनी बोलते का?

सातव्या अध्यायात जरा बारकाईने पाहावं. तिथे चारही जण *भक्त* आहेत. ज्ञानी हा भक्ताचा एक प्रकार म्हणून आलेला आहे, भक्ताचा प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे. आणि तो श्रेष्ठ का? कारण त्याला काही मागायचं नाही, तो 'एकभक्ती' आहे. आता अठराव्यातला पंचावन्नावा श्लोक घ्या: 'भक्त्या मामभिजानाति', मी केवढा आहे, कोण आहे, हे तो भक्तीने जाणतो. म्हणजे गीतेत ज्ञान आहेच, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता प्रेमातून जातो. वर्गात बसून आधी देव समजून घ्यायचा आणि पटला तर मग प्रेम करायचं, असा क्रम तिथे लावता येत नाही.

असं का असावं?

'प्रेम श्रेष्ठ' हे सगळे म्हणतात. का, हे फार थोडे सांगतात. मला सगळ्यात नेटकं कारण सापडलं ते एका युरोपीय पंडिताकडे, आणि तोही भावूक कवी नव्हता. थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्ववेत्ता, तर्काचे प्रचंड ग्रंथ लिहिणारा. तो १२७४ मध्ये वारला. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५चा धरतात. एकाने दुसऱ्याचं नावही ऐकणं शक्य नव्हतं.

त्याचा मुद्दा असा. आपण एखादी गोष्ट जाणतो तेव्हा ती आपल्या बुद्धीत येते, आणि बुद्धीचं माप जेवढं तेवढीच होऊन येते. प्रेमात उलटं घडतं. प्रेम करणारा स्वतः त्या गोष्टीकडे जातो, ती आहे तशी असते तिथे. म्हणून आपल्याहून खालच्या गोष्टी जाणणं हे त्यांच्यावर प्रेम करण्यापेक्षा बरं. दगड आपल्या बुद्धीत आला की त्याचा मान वाढतो, आणि दगडाच्या मागे लागलो तर आपण खाली उतरतो. आपल्याहून मोठ्या गोष्टीचं मात्र उलट. देव बुद्धीत ओढून आणला की तो लहान होतो, प्रेमाने आपण त्याच्याकडे गेलो की आपण मोठे होतो. या जन्मात तरी देवाला जाणण्यापेक्षा त्याच्यावर प्रेम करणं श्रेष्ठ, असा निष्कर्ष तो काढतो. आयुष्याच्या अखेरीस त्याने लिहिणं अचानक थांबवलं. जे पाहिलं त्यापुढे आपण लिहिलेलं सगळं काडीकचऱ्यासारखं वाटतं, असं तो म्हणाल्याचं नोंदलेलं आहे. एवढं लिहून झाल्यावर असं म्हणायला छाती लागते.

हेच घरातल्या भाषेत सांगायचं तर शाळेतली फाइल आणि आजी. फाइलमध्ये नातवाचे गुण, उंची, वजन, रक्तगट, सगळं अचूक असतं. आजीला त्यातलं निम्मंही सांगता येणार नाही. पण तो दारातून आत आला की आज त्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला चप्पल काढण्याच्या आवाजावरून कळतं. फाइल खोटी नाही, आणि आजी अडाणी नाही. तिचंही ते ज्ञानच आहे. फक्त ते प्रेमाच्या पोटी जन्मलेलं आहे, आणि नातू वर्षभर घरात वावरला नसता तर तिला ते मिळालं नसतं.

नारदाचं जेवण आणि तुकोबांची हमाली

आपल्याकडच्या ग्रंथांत हा मुद्दा भुकेच्या भाषेत येतो. नारदाच्या सूत्रांत एक दाखला आहे: राजवाडा, जेवण वगैरेंची गोष्ट पाहा. राजाविषयी माहिती असल्याने राजा प्रसन्न होत नाही, आणि जेवणाविषयी माहिती असल्याने भूक भागत नाही.

तुकोबा तेच कोल्हाटउडी मारल्यासारखं सांगतात:

*वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा।*
*येरांनी वाहावा भार माथा॥*
*खादल्याची गोडी देखिल्यासी नाही।*
*भार धन वाही मजुरीचें॥*

दुसऱ्याच्या पैशाची थैली डोक्यावरून वाहणारा मजूर. थैली खरी, नाणी खरी, वजनही खरं. पण मालक तो नव्हे. पहिल्या ओळीतला 'आम्हांसीच' मात्र चुकवू नका. वेदाला अर्थ नाही असं तुकोबा म्हणत नाहीत. तो अर्थ आम्हालाच कळला आहे, असा त्यांचा दावा आहे. अक्षरं घोकायचा ज्याला अधिकार नाकारला गेला, तो माणूस हे म्हणतो आहे.

या दाव्याची किंमत त्यांनी मोजली. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण. शूद्राने वेदार्थ प्राकृतात सांगावा हे त्यांना मान्य नव्हतं, आणि त्यांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी परंपरा सांगते. वह्या तरल्याची कथा कुणी कशी घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट: हेच रामेश्वरभट्ट नंतर तुकोबांचे शिष्य झाले. पंडित, वैदिक, दशग्रंथीही तुकोबांची बरोबरी करू शकत नाहीत, असा अभंग त्यांच्या नावावर आहे. दशग्रंथी म्हणजे वेद-वेदांगांचे दहा ग्रंथ पाठ असलेला. त्याची किंमत स्वतः जाणणाऱ्या माणसाने हे म्हणावं याला वजन आहे. आज वाघोली म्हटलं की नगर रोडची कोंडी आठवते. या वादासाठी वाघोली फार कमी जणांना आठवत असेल.

भागवतातली उद्धवाची कथाही याच जातीची. कृष्ण मथुरेला गेला, गोपी व्याकूळ. कृष्ण उद्धवाला निरोप घेऊन गोकुळात पाठवतो. निरोप तत्त्वज्ञानाचा आहे: मी सर्वांच्या आत आहे, तेव्हा माझा तुमच्याशी वियोग कधी होतच नाही. सिद्धांत म्हणून यात चूक काढता येणार नाही. उद्धव बृहस्पतीचा शिष्य, सांगणाराही पक्का. पण गोपींचं प्रेम पाहून पालटतो तो उद्धवच. त्यांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून वृंदावनात मी एखादं झुडूप, वेल, काहीही व्हावं, असं तो मागतो. शिकवायला गेलेला माणूस गवताची जागा मागून परत येतो.

मग अभ्यास बंद करायचा का?

इथे एक सोयीस्कर पळवाट तयार होते आणि तिच्यावरून बरीच वाहतूक चालते: "आपला भाव महत्त्वाचा, वाचनबिचन सगळं पंडितांचं." याला भक्ती म्हणू नये. याला आळस हे जुनं आणि चांगलं नाव आहे.

वारकरी परंपरेने हा आळस पोसलेला नाही. विष्णुबुवा जोग पुण्याचे. त्यांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, कारण कीर्तनकाराला ज्ञानेश्वरी, गाथा, भागवत शिकलेलं असलं पाहिजे हा आग्रह. त्यांचे अनुयायी सोनोपंत दांडेकर टिळक रोडवरच्या एस. पी. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत, तिथे प्राचार्य झाले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवणारा हा माणूस हाती वीणा घेऊन कीर्तनाला उभा राही, आषाढीला वारी चाले. त्यांनी संपादलेली ज्ञानेश्वरी आजही घराघरांत आहे. प्रेम आणि अभ्यास एका माणसात सुखाने नांदत होते. कुठली गोष्ट कशासाठी, एवढं ठाऊक असलं म्हणजे झालं.

नारदानेही याची सोय करून ठेवली आहे. गोपींचं उदाहरण देऊन झाल्यावर तो लगेच सांगतो, की त्यांना कृष्णाच्या थोरवीचं भान नव्हतं असं समजू नका. ते भान नसतं, तर ते प्रेम जाराच्या प्रेमासारखं झालं असतं. जार म्हणजे चोरून येणारा प्रियकर, ज्याला समोरच्याच्या सुखात सुख नसतं. सूत्र कडक आहे, आणि आजही लागू पडतं. कुणावर प्रेम करतो आहोत याचा पत्ताच नसेल, तर ते प्रेम स्वतःवरच असण्याची शक्यता मोठी.

अंधश्रद्धेचं काय, हा आक्षेपही इथेच येतो. प्रेम म्हटलं की विचार गहाण, आणि गहाण टाकलेला विचार सोडवायला एखादा बाबा टपलेला. भीती खरी आहे. पण ज्यांनी प्रेमाची वाट सांगितली त्यांनीच बाबांवर सगळ्यात कडक लिहिलं आहे. 'ऐसे कैसे जाले भोंदू' हे तुकोबांचंच, आणि 'नवसें कन्या पुत्र होती, तरि कां करणें लागे पती' हेही. ज्याचं प्रेम खरं असतं त्याला नकली माल पटकन ओळखू येतो. ज्याला देवाकडून फक्त काम काढून घ्यायचं असतं, तो बाबाच्या गळाला आधी लागतो.

टिळकांचं म्हणणं वेगळं होतं

पुण्यात बसून हे लिहायचं आणि 'गीतारहस्या'ला वळसा घालायचा, हे बरं दिसणार नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्यात भक्तिमार्गावर स्वतंत्र प्रकरण आहे. टिळकांची मांडणी थोडक्यात अशी: अव्यक्त ब्रह्म बुद्धीने गाठणं सामान्य माणसाला कठीण, म्हणून भक्ती हा सोपा, सगळ्यांना खुला मार्ग. पण ती साधन आहे, स्वतंत्र निष्ठा, म्हणजे शेवटपर्यंत नेणारी वाट नव्हे. पोचायचं ते ज्ञानालाच, आणि पोचल्यावर कर्म सोडायचं नाही.

हा आक्षेप भक्कम आहे, आणि शंकराचार्यांच्या परंपरेतही भक्तीला साधारण असंच चित्त शुद्ध करणारी पूर्वतयारी म्हणून स्थान मिळतं. शिडी म्हणून भक्ती, गच्ची म्हणून ज्ञान. नारदाने या वादातली वेगवेगळी मतं आधीच नोंदवून ठेवली आहेत. काहींच्या मते ज्ञान हे भक्तीचं साधन, काहींच्या मते दोन्ही एकमेकांवर अवलंबून. आणि मग तो स्वतःचं मत देतो: भक्ती स्वतःच फळ आहे. तिच्यातून पुढे कुठे जायचं नाही.

मी नारदाच्या बाजूला झुकतो, पण कारण शास्त्रीय नाही. जे प्रेम 'कशासाठी तरी' असतं ते कशाला तरी वापरलं जातं, आणि वापरलेल्या गोष्टीशी जवळीक होत नाही. टिळकांना राष्ट्र उभं करायचं होतं. त्यांना कर्माचा पाया हवा होता आणि तो त्यांनी गीतेतून काढला. तुकोबांना जे हवं होतं ते त्यांनी लपवलेलं नाही: 'नको ब्रह्मज्ञान आत्मस्थितिभाव, मी भक्त तूं देव ऐसें करीं.' गच्ची समोर दिसत असताना शिडीवरच बसून राहायचं म्हणणारा हा माणूस.

पण देव आणि मी एकच, तर प्रेम कोणी कोणावर करायचं?

हा खरा अवघड प्रश्न. अद्वैत म्हणजे दोन नसणं. जीव आणि ब्रह्म मुळात एकच, असं ते मत सांगतं. प्रेमाला तर निदान दोघं लागतात. मग ज्ञान झालं की भक्ती संपली पाहिजे. म्हणूनच तुकोबा 'ब्रह्मज्ञान नको' म्हणतात, असं वाटतं.

ज्ञानेश्वर अद्वैती आहेत आणि तरीही भक्ती सोडत नाहीत. त्यांनी यावर 'अमृतानुभवा'त दिलेलं उत्तर पुण्याच्या माणसाला चालत जाऊन पाहता येतं. जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहे, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं लेणं. तिथे खांब आणलेले नाहीत, भिंती रचलेल्या नाहीत. एकाच कातळातून सभामंडप निघाला, खांब निघाले, समोरचा नंदीचा गोल मंडपही निघाला. दगड एकच. तरी माणूस आत जातो, वाकतो, प्रदक्षिणा घालतो.

*देव देऊळ परिवारु। कीजे कोरूनि डोंगरु।*
*तैसा भक्तीचा व्यवहारु। कां न व्हावा॥*

एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरता येतो, मग एकाच तत्त्वात देव, भक्त आणि भक्ती यांचा व्यवहार का होऊ नये? 'कां न व्हावा' हा सूर पाहण्यासारखा आहे. सिद्ध करून दाखवतो, असा तो नाही. कुणाची हरकत आहे का, असा आहे. दोन असल्यामुळे प्रेम होतं असं नाही. प्रेमासाठी एकाने दोन व्हावं, यात अद्वैताचं काही बिघडत नाही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ते आणखी पुढे जातात:

*ज्ञानी इयेतें स्वसंवित्ती। शैव म्हणती शक्ति।*
*आम्ही परम भक्ति। आपुली म्हणो॥*

ज्ञानी ज्याला आत्मज्ञान म्हणतात, शैव ज्याला शक्ती म्हणतात, त्याच अवस्थेला आम्ही परमभक्ती म्हणतो. म्हणजे वरच्या टोकाला ज्ञान आणि प्रेम ही दोन गावं उरत नाहीत. भांडण आहे ते पायथ्याशी, जिथे आपण बहुतेक सगळे आहोत.

मागणं आणि प्रेम

परीक्षा, नोकरी, फ्लॅट, आजारपण, यासाठी देवाकडे जाणं हे प्रेम का? गीता त्याला हाकलत नाही, 'उदार' म्हणते. पण तिथेच थांबलं तर तो व्यवहार. बसऱ्याची राबिया, आठव्या शतकातली सूफी स्त्री, तिच्या नावावर एक प्रार्थना सांगतात: नरकाच्या भीतीने तुझी भक्ती करत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने करत असेन तर स्वर्गाचं दार बंद कर. 'हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा' या अभंगात तुकोबा मुक्तीही नको म्हणतात. वर गर्भवासात खुशाल घाल म्हणतात. मोक्षशास्त्राच्या दृष्टीने ही सरळसरळ बंडखोरी आहे. सगळं शास्त्र ज्या जन्ममरणातून सुटायला उभं, ते यांना चालतं. देवाचा विसर तेवढा चालत नाही.

दार सगळ्यांना उघडं होतं?

प्रेमाची वाट मराठी मुलखात एवढी रुजली त्याचं एक कारण अगदी जमिनीवरचं आहे. ज्ञानाचं दार संस्कृतात होतं आणि त्याची किल्ली जन्माने मिळे. स्त्रिया, शूद्र, अतिशूद्र बाहेर. प्रेमाला किल्ली लागत नाही. दळण-कांडण करणारी जनाबाई त्याच कामात विठ्ठलाला गाते आणि त्याला आपल्यासोबत जात्यावर बसवते. चोखोबा विचारतात, 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा?'

पण इथे आपणच आपली पाठ थोपटून घेऊ नये. चोखोबांचे अभंग कीर्तनात गायले गेले आणि चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीपाशीच राहिली. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. सहा शतकं 'भाव महत्त्वाचा' म्हणणाऱ्या समाजाला उंबरठ्यावरचा भाव दिसला नव्हता. ज्ञानमार्गावर गर्वाचा आरोप होतो, तो रास्तच. प्रेममार्गाचा दोष वेगळा: देवावरच्या प्रेमात माणूस विसरायची मुभा तो स्वतःला देऊ शकतो. तुकोबांनी ही मुभा ठेवली नव्हती. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले', देव तिथेच जाणावा, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आणि गीतेच्या बाराव्या अध्यायात 'मला प्रिय कोण' याची यादी आहे, ती शोधून वाचा. कुणाचा द्वेष न करणारा, मित्र, करुण, क्षमाशील, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि ज्याला लोकांचा त्रास होत नाही. वेद पाठ असलेला, असं त्या यादीत कुठेही नाही.

आणि मला काही वाटतच नसेल तर?

हा प्रश्न लोक मोठ्याने विचारत नाहीत. कीर्तनात शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी, आपण घड्याळ बघतोय. प्रेम मनात आणायचं ठरवून येतं थोडंच?

ज्ञान प्रयत्नाने मिळतं आणि प्रेम आपोआप होतं, हा आपला समज अर्धाच बरोबर आहे. वारी हे त्याचं उत्तर आहे. वारकरी यंदा भरून आलं म्हणून चालत नाही. ज्येष्ठ आला की चालतो. दिवे घाटात पाऊस असो वा ऊन, पाय दुखत असोत वा मन कोरडं असो. भावना कधी चालण्याआधी येते, कधी यवतच्या मुक्कामाला, कधी वर्षभर येतच नाही. तुकोबांच्या गाथेत तर ती न आल्याची तक्रार किती तरी ठिकाणी आहे. सासरी निघालेली मुलगी मागे वळून पाहते तशी माझ्या जिवाची गत झाली, तू कधी भेटशील, असं ते विचारतात. हा भेट झालेल्याचा सूर नाही. पण ज्याला भेट हवी आहे त्याचा आहे, आणि परंपरा त्यालाही प्रेमच मानते.

बाराव्या अध्यायात अर्जुनाला याच कारणासाठी एकामागून एक सवलती मिळतात. माझ्यात मन ठेव. ते स्थिर राहत नसेल तर अभ्यास कर, म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न कर. तोही जमत नसेल तर माझ्यासाठी म्हणून काम कर. हेही होत नसेल तर निदान जे करतोस त्याच्या फळावरचा हक्क सोड. चौथ्या सवलतीत भावनेचा उल्लेखच उरलेला नाही. डोळ्यांत पाणी न येणाऱ्या माणसालाही ती आज दुपारपासून सुरू करता येते.